खेळाडूसाठी घरी साधने घडवताना

भंगाराच्या दुकानातील काट्यावर १२ किलोचा लाकडी मुद्गल ठेवला आणि नंतर १२ किलो वाळूची पिशवी ठेवली, तर काटा दोन्ही वेळा तोच आकडा दाखवतो. मात्र ती पिशवी एका हाताने सहज उचलणारा मुलगा तोच मुद्गल खांद्यामागून फिरवायला गेला की पहिल्याच फेऱ्यात त्याचे मनगट दुमडते आणि कोपर बाजूला पळते. वजन सारखे असूनही असे का होते, हे ज्याला नीट समजले, त्याला खेळाडूसाठी घरच्या घरी साधन बनवण्याचे निम्मे शास्त्र समजले असे मी मानतो.

कोल्हापुरात हा विषय नवा नाही. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींमध्ये मुद्गल, करेल (आखूड, जाड मुद्गल), नाल (मूठ धरून उचलायचा दगड) आणि चढायचा दोर पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत, आणि १९१२ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या काळात उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानात उतरलेल्या कित्येक मल्लांची मेहनत गावच्या सुताराने घडवलेल्या साधनांवरच झालेली आहे. याच शहरात उद्यमनगर आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती आहेत. लेथ, वेल्डिंग आणि ओतकाम जाणणारा माणूस इथे जवळपास प्रत्येक गल्लीत सापडतो. पैलवान आणि कारागीर इतके शेजारी राहत असतानाही घरी बनवलेली साधने पुष्कळदा अंदाजाने बनतात, याचे मला वाईट वाटते. मी स्वतः अनेक वर्षे वेल्डिंगचे काम केले आहे आणि आमच्या भागातील मुलांसाठी लहानमोठी साधने बनवली आहेत. त्यातल्या काही साधनांमध्ये माझ्याही चुका झाल्या, आणि त्यांतल्या दोन पुढे सांगणार आहे.

आधी मुद्गलाचे कोडे सोडवू. हातात धरलेल्या वस्तूचा भार जेथे एकवटला आहे असे आपण मानतो, त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात. वाळूची पिशवी हाताखाली लोंबकळते, त्यामुळे तिचा गुरुत्वमध्य मनगटाच्या सरळ खाली राहतो आणि मनगटाला फक्त ओढ सोसावी लागते. मुद्गल आडवा धरला की त्याचा गुरुत्वमध्य मुठीपासून बराच दूर जातो, आणि मग वजनाबरोबर अंतराचाही हिशेब करावा लागतो. या फिरवणाऱ्या जोराला टॉर्क म्हणतात, आणि तो बल गुणिले अंतर इतका असतो. १२ किलोच्या मुद्गलाचा गुरुत्वमध्य मुठीपासून ४५ सेंटिमीटरवर असेल, तर आडव्या स्थितीत मनगटावर सुमारे ५३ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. विहिरीचा रहाट फिरवताना लांब दांडा सोपा का वाटतो, त्याचेच हे उलटे रूप आहे. तिथे लांबी माणसाच्या बाजूने काम करते आणि इथे ती त्याच्या विरुद्ध उभी राहते.

मुद्गल स्थिर धरण्याऐवजी फिरवू लागलो की आणखी एक गोष्ट आड येते, ती म्हणजे जडत्व. फिरणाऱ्या वस्तूचे जडत्व अंतराच्या वर्गाने वाढते. म्हणून १२ किलो वजन तेच ठेवून गुरुत्वमध्य ४५ ऐवजी ६० सेंटिमीटरवर नेला, तर टॉर्क फक्त एक तृतीयांशाने वाढतो, पण मुद्गलाला गती द्यायला आणि ती थांबवायला लागणारे कष्ट जवळपास पावणेदोनपट होतात. मुद्गल थांबवताना खांद्याच्या मागच्या स्नायूंवर जो ताण येतो तो याच कष्टाचा असतो, आणि कुस्तीत ढाक मारताना किंवा जोडीदाराचा पट काढताना खांदा नेमका याच प्रकारचा ताण सोसतो. वस्तादांनी हे गणित कागदावर मांडले नसेल, पण नवख्या मुलाच्या हातात आधी आखूड आणि जाड करेल देण्याचा आणि लांब मुद्गल मागाहून देण्याचा क्रम त्यांनी अनुभवातून बरोबर बसवला होता.

यावरून घरी मुद्गल बनवणाऱ्यासाठी एक नियम निघतो. मुद्गलावर फक्त किलो लिहू नये. मुठीच्या मध्यापासून गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतरही लिहावे. ते शोधायला कोणतेही यंत्र लागत नाही. फळीच्या कडेवर मुद्गल आडवा ठेवून मागेपुढे सरकवावा, जिथे तो दोन्ही बाजूंना न कलता तोल धरतो तिथे खूण करावी आणि मुठीपासून टेपने मोजावे. दोन हातांसाठी जोडी बनवायची असेल, तर दोन्ही मुद्गलांचे वजन आणि हे अंतर, दोन्ही जुळले पाहिजेत. केवळ वजन जुळवलेल्या जोडीमुळे एक खांदा रोज जास्त राबतो आणि खेळाडूला त्याचे कारण कळत नाही.

लाकूड बाभळीचे घेतले तर १२ किलोसाठी साधारण १५ लिटर आकारमान लागते, कारण वाळलेल्या बाभळीची घनता पाण्यापेक्षा थोडी कमी असते. काँक्रीट तेवढ्याच वजनाला ५ लिटरमध्ये बसते, आणि म्हणून अलीकडे प्लास्टिकच्या बरणीत काँक्रीट ओतून, त्यात लाकडी दांडा खोचून मुद्गल बनवण्याची पद्धत पसरली आहे. ती स्वस्त आहे, परंतु तिच्यात एक गंभीर धोका दडलेला आहे. ओल्या काँक्रीटमध्ये दांडा पाणी पिऊन फुगतो, पुढे उन्हाळ्यात तो आकसतो, आणि वरून घट्ट दिसणारा गोळा आतून सुटा होतो. ५ किलोचा गोळा मुठीपासून ६० सेंटिमीटरवर असेल आणि तो खालून जाताना सेकंदाला ४ मीटर वेगाने जात असेल, तर त्या क्षणी दांड्याला सुमारे १८ ते १९ किलो वजनाइतकी ओढ सहन करावी लागते, म्हणजे गोळ्याच्या स्वतःच्या वजनाच्या साडेतीनपटीहून अधिक. हा जोड सुटला तर गोळा सरळ रेषेत भिरकावला जातो, आणि समोर कोण उभे आहे हे तो पाहत नाही. म्हणून दांड्याला आरपार भोक पाडून त्यात १० मिलिमीटरची सळई आडवी घालावी, दांड्याच्या खालच्या टोकाला रुंद वॉशरसह बोल्ट कसावा, आणि मगच काँक्रीट ओतावे. काँक्रीट ७ दिवस ओले ठेवावे आणि २८ दिवसांपूर्वी मुद्गल फिरवायला घेऊ नये, कारण त्याची अपेक्षित ताकद तेवढ्या अवधीनंतरची धरलेली असते.

साधन कधी ना कधी तुटणार आहे, आणि तुटेल तेव्हा ते कोणत्या दिशेने तुटेल हे बनवण्याआधीच ठरवले पाहिजे. माझी पहिली चूक याच बाबतीतली होती.

मुलांना ओढीचा व्यायाम करता यावा म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे मी भिंतीतल्या हुकाला अडकवून दिले होते. काही महिन्यांनी एक पट्टा हुकाच्या जागी चिरला, त्याचे टोक एका मुलाच्या गालावर सपकन बसले, आणि डोळा जेमतेम दोन बोटांनी वाचला. दोष रबराचा नव्हता, तो माझा होता. हुकाचा बारीक व्यास रबराला एकाच जागी कापत होता, आणि पट्टा ताणलेला असताना मुलाचे तोंड हुकाच्या समोर होते. आता मी पट्टा जाड, गुळगुळीत खांबाभोवती गुंडाळून त्याची फासणी करतो, ओढताना चेहरा ओढीच्या रेषेत येणार नाही अशी जागा आखून देतो, आणि दर आठवड्याला पट्टा ताणून बोटाने चाचपतो. ऊन आणि हवेतील ओझोन यांमुळे रबरावर आडव्या बारीक भेगा पडतात. एक जरी भेग दिसली तरी तो पट्टा कापून टाकावा, म्हणजे कोणी कचऱ्यातून उचलून पुन्हा वापरणार नाही.

या ट्यूबबद्दल आणखी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. सायकल-स्कूटरच्या बहुतेक ट्यूब ब्युटाइल रबराच्या असतात. हवा कोंडून ठेवण्यात हे रबर उत्तम आहे, पण ताणल्यावर त्यात साठलेली ऊर्जा ते पूर्णपणे परत करत नाही. त्यातला बराच भाग उष्णतेत जातो. म्हणून ताणताना तो पट्टा जड वाटतो आणि परत येताना मऊ पडतो. स्नायूंची ताकद वाढवण्यासाठी हे चालते, परंतु सावकाश परत आणण्याच्या कसरतीत त्याचा उपयोग कमी होतो. किती ओढ लागते हे कळण्यासाठी सामान तोलायचा हातकाटा पट्ट्याला अडकवावा, जमिनीवर अर्ध्या-अर्ध्या मीटरवर खुणा कराव्यात आणि प्रत्येक खुणेवरचा आकडा भिंतीवर लिहावा. पट्टा जितका लांबतो तितकी ओढ वाढते, पण ती सरळ प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे मोजणे अंदाजापेक्षा खरे ठरते.

दुसरी चूक बारची. परसात दोन खांब रोवून त्यांच्यामध्ये २.४ मीटर लांबीचा एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप मी आडवा बसवला, कारण तेवढ्यात चार मुले एकदम लटकू शकतील असे मला वाटले. पाइप पहिल्याच आठवड्यात धनुष्यासारखा वाकला. त्यामागचा हिशेब सोपा आहे. दोन टेकूंवर टेकवलेल्या बारच्या मधोमध भार दिला, तर त्याचे वाकणे लांबीच्या घनाने वाढते. लांबी दुप्पट केली तर तोच भार आठपट वाकवतो. मधोमध तिसरा खांब रोवून मी त्याच पाइपाचे १.२ मीटरचे दोन गाळे केले आणि अडचण मिटली. व्यासाचा परिणाम तर याहूनही मोठा असतो. बाजारात ज्याला एक इंची पाइप म्हणतात तो बाहेरून साधारण ३४ मिलिमीटर भरतो, आणि पाऊण इंची पाइप २७ मिलिमीटर. फरक फक्त ७ मिलिमीटरचा दिसतो, पण मध्यम जाडीचा एक इंची पाइप वाकण्याला जवळपास अडीचपट अधिक विरोध करतो. लहान मुलांच्या मुठीला मात्र २७ मिलिमीटरच बरा पडतो. त्यांच्यासाठी पाइप बारीक घ्यावा आणि गाळा एका मीटरपेक्षा मोठा ठेवू नये.

बार किती भार पेलेल असे कोणी विचारले की बहुतेक जण मुलाचे वजन सांगतात. ते पुरेसे नाही. बारला लटकून झोका घेणारा ६० किलोचा मुलगा आडव्या स्थितीपर्यंत वर गेला आणि तिथून खाली आला, तर सर्वांत खालच्या बिंदूवर त्याच्या हातांवर आणि बारवर १८० किलोची ओढ येते, म्हणजे वजनाच्या बरोबर तिप्पट. दोर धरून झोका घेणाऱ्या मुलालाही हाच नियम लागू होतो. उडी मारून बार पकडण्याचे झटके याखेरीज वेगळे असतात. मी हिशेब करताना शरीराच्या वजनाच्या पाचपट भार धरतो, आणि त्यापेक्षा कमी धरणे मला योग्य वाटत नाही.

खांबाचा पाया जमिनीनुसार ठरवावा लागतो. पंचगंगेच्या काठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यामुळे दीड फुटाच्या खड्ड्यातला खांब दोन वर्षांत डुलू लागतो. तिथे निदान अडीच फूट खोल जावे, खड्डा वरच्यापेक्षा तळाशी थोडा रुंद ठेवावा, आणि खांबाच्या बुडाला दोन आडव्या सळया वेल्ड करूनच काँक्रीट भरावे. वेल्डिंगबद्दल एक सूचना मी प्रत्येक नवशिक्याला देतो. जीआय पाइपावर जस्ताचा मुलामा असतो आणि तो जळताना पांढरा धूर निघतो. तो श्वासात गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो आणि अंग मोडून जाते. म्हणून जोडाच्या जागेवरचा मुलामा ग्राइंडरने आधी काढून टाकावा आणि काम उघड्यावर करावे. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, जुन्या वजनांना मात्र घरी वेल्डिंग करून मूठ जोडू नये. बीड ठिसूळ असते, जोडाशेजारी न दिसणारी चीर पडते आणि वजन पायावर सुटते. बिडाला भोक पाडून आरपार बोल्ट घालणेच बरे.

कोल्हापूरला फुटबॉलचे वेड असल्यामुळे फाटलेले चेंडू प्रत्येक घरात निघतात, आणि त्यात वाळू भरून फेकायचा जड चेंडू बनवावा असे सहज सुचते. इथेही आधी हिशेब करावा. पूर्ण मापाच्या फुटबॉलचे आकारमान सुमारे साडेपाच लिटर असते आणि कोरडी वाळू लिटरला साधारण १.६ किलो भरते, म्हणजे काठोकाठ भरलेला चेंडू जवळपास ९ किलोचा होतो. पुरुषांच्या गोळाफेकीचा गोळा ७.२६ किलोचा आणि महिलांचा ४ किलोचा असतो हे लक्षात घेतले, तर शाळकरी मुलाने ९ किलोचा चेंडू डोक्यावरून फेकणे किती चुकीचे आहे ते कळते. ३ किलो वजन हवे असेल तर वाळू दोन लिटरपेक्षाही कमी लागते. उरलेली जागा लाकडाच्या भुशाने किंवा चिंध्यांनी दाबून भरावी, नाहीतर वाळू एका बाजूला गोळा होऊन चेंडू हवेत भलतीकडे वळतो. वाळू धुऊन कडक उन्हात वाळवावी, दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधावी आणि मगच चेंडूत घालावी. पावसाळ्यात ओलावा शिरला की वजनही बदलते आणि शिवणही कुजते. खताची किंवा साखरेची विणलेली प्लास्टिकची पोती वाळूसाठी घेतली, तर ती सावलीत ठेवावीत. उन्हात त्यांचे धागे काही महिन्यांत भुसभुशीत होतात.

धावपटूने मागे ओढायचा टायर हे सर्वांत सोपे साधन वाटते, पण इथे वजन जवळजवळ गौण आहे. धावपटूला जाणवतो तो जमिनीशी होणाऱ्या घर्षणाचा अडथळा. तोच टायर कोरड्या मुरमावर वेगळा ओढतो, दवाने भिजलेल्या गवतावर वेगळा आणि चिखलात तर आणखी वेगळा. म्हणून टायरवर किती किलो ठेवले यापेक्षा हातकाटा दोरीत अडकवून टायर सावकाश एकसारखा ओढावा आणि त्या दिवशीचा आकडा पाहावा. वेगाच्या सरावासाठी एक जुना ठोकताळा आहे: मोकळे धावताना २० मीटरला लागणाऱ्या वेळेशी ताडून पाहावे आणि वेग साधारण एक दशांशापेक्षा जास्त घटू देऊ नये, कारण त्यापुढे पावलांची ढबच बदलते. सुरुवातीच्या जोरासाठी प्रशिक्षक याहून जड ओढही देतात, परंतु तो वेगळा सराव आहे आणि तो रोजचा नव्हे. टायर वापरून झाल्यावर उलटा टाकून ठेवू नये; त्याच्या तळाला तीन-चार भोके पाडावीत, नाहीतर साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

अडथळ्यांच्या शर्यतीचा अडथळा पीव्हीसी पाइपातून अर्ध्या दिवसात बनतो. त्यात चूक होते ती पायांच्या दिशेत. स्पर्धेतल्या अडथळ्याचे पाय धावपटू ज्या बाजूने येतो त्या बाजूला पसरलेले असतात, त्यामुळे धक्का लागला की तो पुढे कोसळतो; वरच्या पट्टीच्या मधोमध किमान ३.६ आणि कमाल ४ किलो वजनाइतके बल लागले की तो पडला पाहिजे असा नियमच आहे. सरावाचा अडथळा त्याहून हलक्या धक्क्याने पडावा. दोन्ही बाजूंना पाय असलेला, मातीत रोवलेला किंवा पाइपात वाळू भरून जड केलेला अडथळा मुलाला पाडतो, स्वतः पडत नाही. उडी मारायच्या लाकडी खोक्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही: १८ मिलिमीटरचे प्लाय, आत एक उभा आधार, स्क्रूची डोकी आत दबलेली आणि सगळ्या कडा गोल घासलेल्या, एवढे पुरते.

प्रत्येक खेळाला वजनच हवे असते असेही नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून आमच्याकडे नेमबाजीची चौकशी करणारे पालक वाढले आहेत. नेमबाजाला हवी असते ती स्थिरता. त्यासाठी एक फळी आणि तिच्याखाली लाकडी रूळ एवढे साधन पुरते, मात्र फळीच्या दोन्ही टोकांना खालून पट्ट्या ठोकाव्यात, म्हणजे रूळ निसटून बाहेर जाणार नाही. काही वस्तू मात्र घरी मुळीच बनवू नयेत असे माझे ठाम मत आहे. डोक्याचे आणि दातांचे संरक्षण करणारी साधने, छातीवर वजन घेण्यासाठीचे स्टँड आणि जड वजनाचा बारबेल ही त्यांत येतात. स्पर्धेचा पुरुषांचा बारबेल २८ मिलिमीटर जाड आणि २० किलोचा असतो. तो उच्च प्रतीच्या पोलादाचा असल्यामुळे वाकून पुन्हा सरळ होतो. पाइपाचा बनवलेला बार एकदा वाकला की तसाच राहतो, आणि पुढच्या वेळी त्याच जागी मोडतो.

चढायच्या दोराकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते, कारण तो वर जिथे झिजतो तिथे खालून काही दिसत नाही. गाठ मारली की दोराची ताकद जवळपास निम्म्यापर्यंत उतरू शकते, म्हणून वरच्या टोकाला गाठीऐवजी लोखंडी अंगठीभोवती विणलेला फासा असावा. मी दरवर्षी मे महिन्यात, पाऊस लागण्याच्या आधी, दोर पूर्ण उतरवतो, उन्हात जमिनीवर पसरतो आणि प्रत्येक फुटावर पीळ उलगडून आतले धागे पाहतो. आत भुकटी दिसली, धागे काळवंडलेले दिसले किंवा बोटाने ओढल्यावर तुटले, तर बाहेरून तो कितीही चांगला दिसत असला तरी मी तेथून दोर कापतो, आणि उरलेला तुकडा चढण्यासाठी पुन्हा कधीच टांगत नाही.